'कल्मिनेट' म्हणजे शेवट नव्हे, कळस!

- प्रतिनिधी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी पाणीटंचाईच्या प्रश्नावर महिलांचा हंडा मोर्चा निघाला होता. रात्रपाळीला इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी आली. तिच्या चार ओळींत दोन क्रियापदे होती. तहसीलदारांना निवेदन देण्यात मोर्चा 'कल्मिनेट' झाला, असे पहिल्या वाक्यात म्हटले होते. तर मोर्चेकरी महिला पांगल्यानंतर बाजारपेठेत फेरीवाले आणि पोलीस यांच्यात धक्काबुक्की 'एन्स्यू' झाली, असे दुसऱ्या वाक्यात. पान छपाईला सोडण्याची वेळ झाली होती. प्रस्तुत लेखकाने घाईघाईत दोन्ही वाक्यांचा मेळ घातला आणि मथळा दिला : 'हंडा मोर्चाचे पर्यवसान धक्काबुक्कीत.'

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मोर्चातील सहा-सात महिला कार्यालयात येऊन दाखल झाल्या. त्यांच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने कात्रण टेबलावर ठेवले आणि शांतपणे विचारले, "आमचा मोर्चा निवेदन देऊन संपला. आम्ही घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्यावर बाजारात जे झालं, ते आमच्या मोर्चाचं पर्यवसान कसं?" उत्तर देता आले नाही. दोन ओळींचा खुलासा छापला गेला. मात्र पुढच्या मोर्चाच्या परवानगीच्या वेळी खुलासा कोणी पाहिला नाही. तेच कात्रण पुन्हा समोर ठेवले गेले.

चूक एका क्रियापदाची होती, पण तिने धक्काबुक्कीची जबाबदारी एका गटाकडून उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकली होती. इंग्रजी बातम्या, न्यायालयांचे निकाल, चौकशी अहवाल आणि नोकरीचे अर्ज यांत सतत भेटणारे 'कल्मिनेट' हे क्रियापद म्हणूनच नीट समजून घ्यावयास हवे.

अर्थ आणि उच्चार

'कल्मिनेट' याचा ढोबळ अर्थ सर्वोच्च बिंदूस पोहोचणे, कळस गाठणे असा आहे. एखादी प्रक्रिया, प्रयत्न, वाद वा घटनामालिका पायरीपायरीने वाढत जाते आणि एका विशिष्ट घटनेत तिची परिणती होते, तेव्हा हे क्रियापद योजतात. उच्चार 'कल्-मि-नेट' असा असून आघात पहिल्या अवयवावर येतो. 'कुल्मिनेट' हा उच्चार चुकीचा आहे. त्यावरून झालेले नाम 'कल्मिनेशन'. त्यात मात्र आघात सरकून 'ने'वर जातो.

हा शब्द औपचारिक आहे. घरगुती बोलण्यात इंग्रजीभाषकही तो क्वचितच वापरतात. मुलांचे भांडण रडण्यात संपले, हे सांगायला कोणी 'कल्मिनेट' म्हणत नाही. म्हटलेच तर ते विनोदाने. अग्रलेख, इतिहासग्रंथ, संशोधनपर लेखन, निकालपत्रे आणि संस्थांचे वार्षिक अहवाल हे त्याचे खरे क्षेत्र.

घराच्या आढ्यापासून

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'कल्मेन' म्हणजे शिखर, माथा, विशेषतः घराच्या छपराचा सर्वांत उंच भाग. आपण ज्याला आढे म्हणतो तो. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'माथ्यावर नेणे' या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि सतराव्या शतकाच्या मध्यास ते इंग्रजीत आले. खांब या अर्थाचा 'कॉलम' हा शब्दही याच कुळातला. वर्तमानपत्राचा उभा रकाना आणि सैन्याची लांब रांग यांनाही तेच नाव मिळाले आणि सैन्याच्या रांगेचा प्रमुख म्हणून इटालियन भाषेच्या वाटेने 'कर्नल' हा हुद्दाही त्यातून निघाला.

मराठी वाचकाला येथे 'कळस' आठवल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही शब्द इमारतीच्या माथ्याशी निगडित आहेत आणि दोहोंचा लाक्षणिक अर्थही सारखाच आहे. मात्र हे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे. आपला कळस संस्कृत 'कलश' म्हणजे घट या शब्दावरून आला आहे, लॅटिन 'कल्मेन'शी त्याचे नाते नाही. तरीही अर्थ लक्षात ठेवण्यासाठी या योगायोगाचा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी. देवळाचा पाया, जोते, भिंती, शिखर असे बांधकाम पुरे झाल्यावरच कळसारोहण होते. खाली काही नसताना कळस चढत नाही. 'कल्मिनेट'ची सर्व मर्यादा या एका चित्रात आली.

सूर्य रोज 'कल्मिनेट' होतो

इंग्रजीत हा शब्द प्रथम रुळला तो खगोलशास्त्रात. आकाशात उत्तर बिंदूपासून डोक्यावरून दक्षिण बिंदूपर्यंत जाणारी जी कल्पित रेषा असते, तिला याम्योत्तर वृत्त म्हणतात. सूर्य, चंद्र वा तारा पूर्वेला उगवून चढत चढत या रेषेवर येतो, तेव्हा त्याची त्या दिवशीची उंची सर्वाधिक असते. या क्षणी तो 'कल्मिनेट' होतो. त्यानंतर तो पश्चिमेकडे उतरू लागतो. मिल्टन या कवीने 'पॅरडाइज लॉस्ट' या १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात मध्याह्नीच्या सूर्यकिरणांसाठी हेच क्रियापद योजले आहे.

आपल्याकडे हा क्षण घड्याळात बरोबर बारा वाजता येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मुंबई त्याच्या पश्चिमेस सुमारे ७२.९ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईचा मध्याह्न सरासरीने दुपारी १२ वाजून ३८-३९ मिनिटांच्या सुमारास होतो आणि वर्षभरात तो काही मिनिटे मागे-पुढे सरकतो. नागपूर बरेच पूर्वेस असल्याने तेथे सूर्य सरासरी सव्वाबाराच्या आसपासच माथ्यावर येतो. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्यात सूर्य या वेळी नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्याशीच नाहीशी होते. याच दिवसाला 'शून्य सावलीचा दिवस' म्हणतात. जुलैच्या उत्तरार्धात तो पुन्हा येतो, पण पावसाळी ढगांत हरवतो.

खगोलशास्त्राचा हा तपशील येथे देण्याचे कारण आहे. सूर्य 'कल्मिनेट' होतो तेव्हा दिवस संपत नाही. अर्धा दिवस शिल्लक असतो. म्हणजे मूळ अर्थात 'शेवट' ही कल्पना नव्हतीच, होती ती फक्त उंचीची. पुढे लाक्षणिक अर्थ रूढ झाला तेव्हा 'माथा' आणि 'समाप्ती' या दोन कल्पना एकमेकींत मिसळल्या. आज या क्रियापदात समाप्तीची छटा आहे हे खरे, परंतु ती दुय्यम आहे. चढण असली तरच तो 'कल्मिनेशन'. नुसता शेवट हा नुसता शेवटच.

भूगोलाच्या पुस्तकांत हा उंचीचा अर्थ अजून शाबूत आहे. डोंगररांग अमुक शिखरात 'कल्मिनेट' होते, असे तेथे म्हणतात. महाराष्ट्रातील सह्याद्री १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरात 'कल्मिनेट' होतो, हे वाक्य इंग्रजीत अगदी बिनचूक ठरेल. सह्याद्री तेथे संपतो, असा त्याचा अर्थ कोणी घेणार नाही.

वाक्यात कसे वापरावे?

हे क्रियापद प्रामुख्याने अकर्मक आहे. त्याच्यानंतर बहुतेक वेळा 'इन' हे शब्दयोगी येते. 'द टॉक्स कल्मिनेटेड इन अ ट्रीटी', म्हणजे वाटाघाटींची परिणती तहात झाली. मराठीभाषकाला हे लक्षात ठेवणे सोपे आहे. आपण परिणती 'तहात' झाली असे म्हणतो, सप्तमीचा 'त' लावतो. जेथे मराठीत 'त' किंवा 'मध्ये', तेथे इंग्रजीत 'इन'.

कार्यक्रमाचा अखेरचा आणि मुख्य भाग सांगायचा असेल तर 'विथ' चालते. महोत्सव शास्त्रीय गायनाच्या मैफलीने 'कल्मिनेट' झाला, या वाक्यात 'विथ' शोभून दिसते. येथे मैफल ही महोत्सवातून निर्माण झालेली गोष्ट नाही, त्याचाच सर्वांत उंच भाग आहे. उलट, अनेक वर्षांच्या संशोधनातून लस तयार झाली, तर तेथे 'इन' हवे. स्थळाचा निर्देश करताना 'अॅट' वापरतात. हा नियम काटेकोर नाही. पण या जोड्या पाळल्या तर वाक्य सहसा चुकत नाही.

भारतीय इंग्रजीत 'कल्मिनेटेड इन्टू' हा प्रयोग फार बोकाळला आहे. 'टर्न इन्टू', 'डेव्हलप इन्टू' यांच्या सवयीने तो होत असावा. प्रमाण इंग्रजीत तो मान्य नाही. 'वॉज कल्मिनेटेड' अशी कर्मणि रचनाही टाळावी. कर्म घेऊन येणारा सकर्मक प्रयोग, म्हणजे एखाद्या विजयाने अमुक खेळाडूच्या कारकिर्दीला 'कल्मिनेट' केले अशा धाटणीचा, शब्दकोशांत नोंदलेला आहे. परंतु अर्ज किंवा अहवाल लिहिणाऱ्याने त्याच्या वाटेला न जाणे बरे.

कर्ता कोण असावा, हा याहून महत्त्वाचा प्रश्न. प्रयत्न, चळवळ, चौकशी, वाटाघाटी, मतभेद, मालिका, कारकीर्द असे काळात पसरलेले काहीतरी कर्त्याच्या जागी हवे. एखादी व्यक्ती जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय मोडला, तर घसरणे पाय मोडण्यात 'कल्मिनेट' झाले असे म्हणता येत नाही. तेथे चढण नाही, एकच घटना आणि तिचा एकच परिणाम आहे.

शेजारची क्रियापदे

शेवट आणि परिणाम सांगणारी इंग्रजी क्रियापदे अनेक आहेत. शब्दकोशात ती एकमेकांच्या शेजारी दिसतात आणि तेथेच घोटाळा होतो.

'एण्ड' : हे सर्वांत साधे. काहीतरी थांबले, एवढेच ते सांगते. का थांबले, कोठवर पोहोचून थांबले, याविषयी ते मौन पाळते.

'टर्मिनेट' : लॅटिन 'टर्मिनस' म्हणजे शेताच्या हद्दीचा दगड. ठरलेल्या सीमेवर संपणे किंवा संपवणे, हा याचा अर्थ. करार, नोकरी, आगगाडीचा मार्ग यांच्यासाठी ते वापरतात.

'रिझल्ट' : कारण आणि कार्य यांची सरळ जोडणी. मूळ लॅटिन अर्थ उसळून परत येणे. अतिवृष्टीने पूर आला, निष्काळजीपणाने अपघात झाला, अशा ठिकाणी हेच क्रियापद योग्य. कारणाचा पुरावा असेल तरच ते वापरावे.

'एन्स्यू' : मागोमाग येणे. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी 'पाठोपाठ चालणे' हा अर्थ आहे. यात क्रम ठळक असतो आणि कार्यकारणभाव असलाच तर सैल. अमुक घडले आणि त्यानंतर तमुक घडले, एवढ्यावर थांबायचे असेल तेव्हा सावध लेखक याचा आश्रय घेतात.

'एव्हेन्चुएट' : शेवटी घडून येणे. हा शब्द इतका जड आहे की अनेक इंग्रजी संपादक त्याच्या जागी साधे 'हॅपन' सुचवतात.

'एन्टेल' : ओघाने अपरिहार्यपणे येणे. हे घडलेल्या शेवटाविषयी नसून अटळ आनुषंगिक गोष्टींविषयी आहे. कर्ज घेणे म्हणजे व्याज भरणे आलेच, या अर्थी.

या सर्वांत 'कल्मिनेट' वेगळे ठरते ते एका कारणाने. ते एका घटनेविषयी बोलत असताना तिच्याआधीच्या सगळ्या घटनांविषयीही एक विधान करते. आधीचे सारे या दिशेने चढत होते, असे ते सुचवते. बातमीदाराने ते लिहिले म्हणजे त्याने नकळत एक निवाडा दिला.

महाड आणि दांडी

हा निवाडा किती दूरगामी असू शकतो, हे आपल्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून स्पष्ट होईल.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांच्या प्रस्तावावरून १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. प्रत्यक्षात मात्र तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. २० मार्चला परिषदेचे प्रतिनिधी शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि डॉ. आंबेडकर व त्यांच्यासोबतच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही वेळाने, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले.

हा वृत्तांत इंग्रजीत कसा लिहावा? परिषद हिंसाचारात 'कल्मिनेट' झाली, असे लिहिले तर हिंसाचार हे परिषदेच्या चढणीचे टोक ठरते आणि मार खाणारेच त्याचे धनी होतात. परिषद 'कल्मिनेट' झाली ती पाणी पिण्याच्या कृतीत. हिंसाचार नंतर झाला, 'एन्स्यू' झाला, आणि तो दुसऱ्यांनी केला. पहिल्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. सत्य मात्र उलटे झाले आहे. तळ्यावरून सुरू झालेला न्यायालयीन दावा पुढे दशकभर चालला आणि मार्च १९३७ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या अनुकूल निकालात तो 'कल्मिनेट' झाला. हाही प्रयोग यथार्थ आहे, कारण येथे पायऱ्या होत्या.

दुसरा प्रसंग दांडीचा. महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीस पोहोचले. पदयात्रा त्या दिवशी संपली. परंतु ती 'कल्मिनेट' झाली ६ एप्रिलच्या सकाळी, समुद्रकाठचे मीठ उचलून कायदा मोडला तेव्हा. एका दिवसाचे अंतर, पण 'शेवट' आणि 'कळस' यांतील फरक त्यात नेमका सामावला आहे. शिवाय त्या कळसानंतर सत्याग्रह थांबला नाही. तो देशभर पसरला. आपल्या कोकणात शिरोड्याला त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला.

तिसरे उदाहरण थोडे अवघड आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ १ मे १९६० रोजीच्या राज्यस्थापनेत 'कल्मिनेट' झाली, असे आपण सहज लिहितो. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनातील ठराव, फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेले द्विभाषिक राज्य आणि हुतात्म्यांचे बलिदान अशा सगळ्या पायऱ्या मागे आहेत. मुंबईत वा पुण्यात राहणाऱ्याला हे वाक्य खटकत नाही. पण ज्या बेळगावात तो ठराव झाला, तेथील मराठी माणूस हे वाक्य वाचून काय म्हणेल? त्याच्या दृष्टीने चळवळ माथ्यावर पोहोचलीच नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, यावरून त्याचे म्हणणे निराधार नाही हे कळते. कळस कोणता, हे पाहणारा कोठे उभा आहे यावरही अवलंबून असते.

मराठीत काय म्हणावे?

'कल्मिनेट'ला मराठीत एकच प्रतिशब्द नाही आणि तसा असण्याची गरजही नाही. संदर्भ पाहून पुढीलपैकी निवड करावी.

परिणती : सर्वांत जवळचा आणि सुरक्षित शब्द. 'परिणत' म्हणजे पिकलेले, पूर्ण वाढ झालेले. फळ एका रात्रीत पिकत नाही, त्यामुळे क्रमाने वाढ होण्याची कल्पना शब्दातच आहे. चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टींना तो चालतो.

परिपाक : यातही पिकण्याचीच कल्पना. दीर्घ कष्टांचा, चिंतनाचा परिपाक म्हणजे हा ग्रंथ, अशा ठिकाणी उत्तम.

पर्यवसान : मूळ अर्थ केवळ शेवट. 'सुखपर्यवसायी नाटक' या शब्दप्रयोगात तो निखळ दिसतो. बातम्यांत मात्र हा शब्द बाचाबाची, हाणामारी, खून यांच्याच सहवासात राहिल्याने त्याला वाईट छटा चिकटली आहे. विधायक गोष्टींसाठी तो वापरू नये आणि वाईट गोष्टींसाठी वापरताना जबाबदारीचे भान ठेवावे.

कळस : उंची दाखवणारा थेट शब्द. संतपरंपरेच्या मंदिराचा पाया ज्ञानदेव आणि कळस तुकोबा, असे आपण आदराने म्हणतो. दुसरीकडे 'निष्काळजीपणाचा कळस' हाही रोजच्या बातमीतला प्रयोग. संदर्भ स्वच्छ असावा.

सांगता : 'स-अंग', म्हणजे सर्व अंगांसह पूर्ण होणे. व्रत, सप्ताह, महोत्सव यांची सांगता होते. 'कल्मिनेट विथ' असेल तेव्हा हा शब्द अनेकदा चपखल बसतो. चौकशीची वा दंगलीची सांगता होत नाही.

फलश्रुती : हा शब्द सरसकट 'परिणाम' या अर्थी वापरला जातो. वस्तुतः स्तोत्राच्या अखेरीस, त्याच्या पठणाने काय फळ मिळेल हे सांगणारा जो भाग असतो, त्याचे हे नाव. अथर्वशीर्षाच्या शेवटी तो आपण ऐकतो. बैठकीची 'फलश्रुती' काय, असे लिहिण्यापेक्षा 'निष्पत्ती' काय, असे लिहावे.

शेवट आणि कळस यांतला फरक समजावून घेण्यासाठी वारीसारखे उदाहरण नाही. देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या आषाढी एकादशीला पंढरीत असतात. वारीचा कळस तो. पण पालखी सोहळ्याचा पंढरीतील मुक्काम संपतो पौर्णिमेला, गोपाळपूरच्या काल्यानंतर. आणि मग परतीची वाट असतेच. गणेशोत्सवात मात्र अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कळस आणि समाप्ती एकाच दिवशी येतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'कल्मिनेट' चालेल, 'एण्ड' मात्र वेगवेगळ्या दिवसांना लागेल.

नेहमीच्या चुका

'फायनली कल्मिनेटेड', 'अल्टिमेटली कल्मिनेटेड' हे प्रयोग 'शेवटी अखेर'सारखे द्विरुक्तीचे आहेत. क्रियापदातच जे आहे ते पुन्हा सांगण्याची गरज नसते.

कार्यालयीन पत्रव्यवहारात 'द इन्क्वायरी हॅज कल्मिनेटेड' एवढेच लिहून वाक्य तोडतात. चौकशी संपली, असे त्यांना म्हणायचे असते. मग 'कम्प्लीटेड' किंवा 'कन्क्लूडेड' लिहावे. 'कल्मिनेटेड' लिहायचे तर कशात, हे सांगणे आले : दोषमुक्तीत की बडतर्फीत? ज्याच्यावर चौकशी चालू होती, त्याच्या दृष्टीने पत्रातला तोच एक शब्द महत्त्वाचा असतो. तसेच, तपास दोषारोपपत्रात 'कल्मिनेट' झाला, या वाक्याचे भाषांतर 'गुन्हा सिद्ध झाला' असे कदापि करू नये. तपास माथ्यावर पोहोचला आहे, खटला अजून पायथ्याशी आहे.

नोकरीच्या अर्जात स्वतःच्या अनुभवाविषयी हा शब्द वापरणाऱ्या तरुणांनी एक खूणगाठ बांधावी. आधी दोन-तीन टप्पे सांगावेत, मग 'कल्मिनेट'. टप्पे न सांगता थेट हा शब्द आला की वाचणाऱ्याला तो फुगीर वाटतो.

एक सोपी कसोटी अशी. वाक्यात 'कल्मिनेट' लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आधीच्या पायऱ्या दाखवता येतात काय? त्या याच दिशेने जात होत्या काय? आणि त्या चढणाऱ्यांनीच हा कळस चढवला काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल लिहावे. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर 'रिझल्ट', दुसऱ्याचे असेल तर 'एण्ड' आणि तिसऱ्याचे असेल तर 'एन्स्यू' हे क्रियापद बहुधा योग्य ठरेल.

त्या हंडा मोर्चाच्या बातमीला ही कसोटी त्या रात्री लावली असती, तर तिसऱ्याच प्रश्नावर लेखणी थांबली असती. मथळा 'हंडा मोर्चाचे तहसीलदारांना निवेदन' इतका साधा झाला असता आणि धक्काबुक्कीची वेगळी चार ओळींची बातमी आतल्या पानावर गेली असती. खप त्याने वाढला नसता. पण पुढच्या उन्हाळ्यात परवानगी मागायला गेलेल्या त्या महिलांना जुने कात्रण पाहावे लागले नसते. 'आधी कळस, मग पाया' असे आपल्याकडे उलट्या कारभाराला म्हणतात. पाया न तपासता मथळ्यात कळस चढवणे हा त्यातलाच प्रकार, आणि त्याचे ओझे बातमीदाराला नव्हे, बातमीतल्या माणसांना वाहावे लागते.